तिथीची पाऊणपट

तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची:
तितके वाजता भरती.
अष्टमीला सहा. दशमीला साडेसात.
पूर्णगडच्या खाडीवर एवढं गणित
शाळेत जाण्याआधीच येतं प्रत्येकाला.
पुढे म्हणायचं, अर्धा तास इकडेतिकडे,
आणि म्हणताना तळहात उताणा-पालथा करायचा.

त्या तळहाताचा पगार मी एकतीस वर्षं घेतला.

परदेशात, जमिनीखाली शंभर मीटर,
सत्तावीस किलोमीटर घेराच्या नळीत
कण धावत, एकमेकांवर आपटत,
आणि एका बोजड कणाचं वस्तुमान
आम्ही दशांशचिन्हाच्या उजवीकडे, आणखी उजवीकडे
रेटत न्यायचो, होडी पुळणीवर चढवावी तसं,
एका वेळी वीतभर.
मी पोचले तेव्हा मोठे शोध लागून गेले होते.
माझ्या वाट्याला शेवटचा रकाना:
आकड्यानंतरचं अधिक-उणे.
चुंबकांचं तापमान: इतकं.
आगगाडीची जमिनीत झिरपलेली वीज: इतकी.
चंद्र: इतका.

हो, चंद्र. खडकालाही भरती येते.
पुनवेला ते वर्तुळ मिलिमीटरभर फुगायचं
आणि कणांची ऊर्जा हलायची.
तो आलेख पहिल्यांदा पाहिला,
दिवसातून दोनदा वर, दोनदा खाली,
अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग,
तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या जर्मन पोराला
मी विचारलं, आज तिथी कोणती?
त्याला वाटलं, वेळ विचारतेय.
त्यानं सांगितली. सेकंदासकट.

लतीफभाई होडेकरचा चाँद
माझ्या तिथीच्या मागून चालतो,
कधी एक दिवस, कधी दोन.
तो तेवढे मिळवतो, मग पाऊणपट.
ठाऊक असलेली चूक ही चूक नव्हे,
हिशेबात धरायची बाब आहे,
हे मी तिकडे फळा भरभरून शिकवायचे.
तो बिडी न काढता करतो.

"मग नेमकं किती भरलं वजन?"
मी परतले त्या आठवड्यात त्यानं विचारलं.
मी आकडा सांगितला. मग अधिक-उणे सांगितलं.
"म्हणजे तुलाही ठाऊक नाही," तो म्हणाला,
अगदी आदरानं.

पण त्याच्या भावाची 'रहेमत' रुतली
त्या पहाटे तिथी बरोबर होती.
पाऊणपट बरोबर होती. चाँदाचे दिवस मिळवलेले होते.
खाडीच्या तोंडचा वाळूचा दांडा
त्या पावसाळ्यात दक्षिणेला सरकला होता
दोन होड्यांच्या लांबीनं,
आणि अर्ध्या तासाच्या तळहातात
वाळूला जागाच नव्हती.
होडी वाचली. यासीन नाही.

आमचाही एक आकडा असा रुतला.
चार वर्षं, साठ माणसं.
अधिक-उणे बारीक, आणखी बारीक करत गेलो
आणि खरा आकडा बाहेर कुठेतरी
आमच्या रेघेला न शिवता उभा.
चुकला होता मोजणीचा एक खुंटा,
हलत नाही असं आम्ही धरून चाललेला.
तिथे कुणी मेलं नाही. म्हणून
ही तुलना मी लतीफभाईसमोर कधी केली नाही.

गावाचं नाव पूर्ण. आमचं सारं अपूर्णांकात.

आज दशमी.
तो बांबू घेऊन निघतो दांडा चाचपायला,
आता रोज निघतो,
बांबूला वितीवितीवर लाल चिंधी.
मी मागे, चपला हातात.
"साडेसात," मी म्हणते.
तो तळहात हलवत नाही.
बांबू खाली जातो, थांबतो.
तो जरा दाबून बघतो.
आणखी एक वीत जातो.