तळमजला

कायदा म्हणे असा, की परदेशी माणसाला
तळमजला विकत घेता येत नाही.
पहिल्या मजल्यापासून वर, आभाळ लागेपर्यंत, चालतं.
जमीन आपलीच राहते.
दुभाष्याने हे हसत हसत सांगितलं,
नोम पेन्हच्या दक्षिणेला,
जिथे आई होडीत बसून
नाळीची भाजी कापायची.

तळं बुजवायला वाळू नदीतलीच आणली.
पाइप रात्रंदिवस ओकत होता,
भाजी पिवळी पडायच्या आधीच गाडली गेली.
भरपाईच्या यादीत आईचं नाव होतं : यीम चान्नी.
पुढे आकडा. तो वाचून
भाऊ नारिथ उगाच चष्मा पुसत बसला.

आता मी एकविसाव्या मजल्यावर लादी पुसते.
मालक कधी आलेच नाहीत.
सोफ्यावरचं प्लॅस्टिक निघालेलं नाही,
फ्रिजमध्ये नुसता दिवा राहतो.
महिन्यातून एकदा नळ सोडून ठेवायचा,
गंज वाहून जाऊ द्यायचा, असं कागदावर लिहिलंय.

तीन वर्षांत भाव दुप्पट झाला म्हणतात.
कुणी राहिलं नाही म्हणूनच, बहुतेक.

काल नळ सोडला
तर आधी हवा खोकली, मग लाल पाणी,
मग बराच वेळ गढूळ.
निवळल्यावर बादली भरली, लिफ्टने खाली आणली.
जनरेटरच्या मागे, थर्माकोलच्या चार पेट्यांत,
मी नाळीची भाजी लावलीय.
रखवालदार म्हणाला, कुणाला विचारून?
म्हटलं, कायदा बघ. तळमजला आपला.
तो हसला नाही.
एक जुडी मागितली.