निव्वळ वजन

अकरा वर्षं मी वजनं लिहितेय.
मिरकरवाड्याच्या जेटीवरून टेम्पो येतो,
क्रेट उतरतात, काटा थरथरतो,
तो स्थिर होईपर्यंत मी पेन टेकवत नाही.
बांगडा, म्हाकूल, बारकी कोळंबी.
बर्फ वजा, पाणी वजा, क्रेटचे दोन किलो वजा.
उरेल ते निव्वळ.

यंदा कंपनीने आमचीच वजनं मागितली.
मनगटाला पट्टा, घरी काचेचा काटा,
पाय ठेवला की निळा उजेड
आणि मी चष्मा लावेपर्यंत
आकडा पोचलेला असतो अमरावतीला,
तृप्ती वानखडे मॅडमकडे.
आहार कमी करायला सांगणारीचं नाव तृप्ती.
बारशाला कुणाला काय माहीत.

शनिवारी पावणेचारला
सोलणाऱ्या बायका चहाला गेल्या की
शीतगृहाच्या मागे उभी राहते,
तिथेच काय ते नेटवर्क.
"फोटोतला भात किती वाट्या, ताई?"
दीड, म्हणते मी.
काट्यावर खोटं कसं बोलतात
मला शिकवायला नको,
अंगठा हळूच टेकवायचा, आणि बघायचं दुसरीकडे.

गफार साखरकरने तर पट्टा
बर्फ फोडायच्या यंत्राला बांधला.
एका पाळीत बावीस हजार पावलं!
त्याला बक्षीस मिक्सर मिळाला.
साहेबांनी हात मिळवला,
यंत्राशी कुणी मिळवला नाही.

मॅडमनी एकदा विचारलं,
"रात्री अकराला काहून जेवता?"
तेव्हा अंगठा उचलला मी.
म्हटलं, नवरा ट्रॉलरवर तांडेल.
बोट रेंजमध्ये आली की फोन येतो.
तोवर घास उतरत नाही,
मग उतरतच राहतो.

बराच वेळ पलीकडे काही नाही.
वाटलं, नेटवर्क गेलं.
मग तक्त्यात नवी ओळ आली:
जेवण साडेसातला. फोन येईल तेव्हा.
वाट चालत बघायची.

आता चालते.
धुण्याच्या दगडापासून माडापर्यंत,
माडापासून दगडापर्यंत,
शेजारची फातिमाबी खिडकीतून मोजते, पट्टाही मोजतो.
फोन न येणाऱ्या रात्री
पावलं जास्त भरतात.
दुसऱ्या दिवशी मॅडम शाबासकी पाठवतात,
फुलाचं चित्र.
त्यांना कसं सांगू.

दोन महिन्यांत एक किलो दोनशे.
म्हणजे मध्यम बांगडे, आठेक.
जूनमध्ये बोटी वर ओढतील,
तो समोर बसून जेवेल,
अजून थोडं घे म्हणेल.
तेव्हाचं तक्त्यात काही नाही.

गेल्या शनिवारी धीर करून विचारलं,
मॅडम, तुमचं स्वतःचं निव्वळ किती?
हसल्या.
मागे कुकरची शिटी झाली,
कुणीतरी "आई" म्हणून ओरडलं,
आणि म्हणाल्या, "थांबा हं, आले."
मी थांबले,
काटा स्थिर होईपर्यंत थांबते तशी.