वीस बिया

सोहारला, स्मेल्टरच्या पाळीवरून सुटलो की
गुरुवारी रात्री आम्ही चौघं माझ्या खोलीत जमतो.
खाली लाँड्री. खिडकीतून इस्त्रीची वाफ वर येते
आणि मी म्हणतो, "गुहेत धुकं आहे."

कागदावर झुबेर पारकर दिवे लावणारा आहे.
आधी तो पुजारी होता, पण
नसलेल्या देवाचं नाव घेताना त्याची जीभ अडली,
खेळातसुद्धा.
आम्ही खोडरबर दिलं. कुणी हसलं नाही.

फासे त्याच्या अब्बांनी बंद केले.
तीस वर्षांपूर्वी रत्नागिरीहून आलेला माणूस, लाँचवर फिटर,
दारातूनच म्हणाला,
"फासा हाताला लागला की हात बाटतो, बाबांनो.
बाकी तुमचं तुम्ही बघा."
मग आम्ही वीस खजूर खाल्ले,
बिया धुऊन गॅलरीत वाळवल्या,
मार्करने आकडे घातले, चहाच्या डब्यात भरल्या.
आता नशीब गडगडत नाही, खुळखुळतं.
अब्बांनी डबा हलवून पाहिला.
"यात काय वेगळं?" म्हणाले.
आणि थोड्या वेळाने, "खजूर कुठला होता?"

इशाची अजान झाली की झुबेर उठतो.
ड्रॅगन जबडा वासून थांबतो,
दाढेत रोवेनाची तलवार.
रोवेना तेवढ्यात भात लावते.
पंधरा मिनिटं कुणी मरत नाही.

जेसविनचं वेगळं झालं.
व्हिलातल्या प्रार्थनेत पास्टरने विचारलं,
तू कुणाला आत बोलावतोस?
त्याने आपल्या धनुर्धराचा कागद तिथेच फाडला,
चार तुकडे, मग आठ.
मला फोन करून म्हणाला, राग नाही ना?
त्याची खुर्ची आम्ही उचलली नाही.

आई कुडाळहून व्हिडिओवर म्हणते,
"तिन्हीसांजेक भुताखेतांची नावां कित्याक घेतस रे?"
तिला काय सांगू. तिचाच भाऊ
हिवाळाभर रात्री दशावतारात राक्षस व्हायचा,
पेटाऱ्याच्या पाया पडून तलवार उचलायचा
आणि पहाटे मरून, तोंड धुऊन
आमच्याकडे पेज प्यायला बसायचा.
आत कोण आलं, असं त्याला कुणी विचारलं नाही.
की ते पाया पडणं हेच उत्तर होतं?
आमच्याकडे पेटारा नाही.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही, म्हणतात.
इथे आम्ही पैशासाठीच सोंग आणतो:
हेल्मेट, बिल्ला, बिल्ल्यावरचा हुद्दा,
"यस सर"चा वेगळा आवाज.
गुरुवारी ते उतरवून ठेवतो.
पास्टरला, अब्बांना, आईला द्यायचं
हे उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं.

परवाच्या गुरुवारी
गुलामांना खाणीत हाकणारा दैत्य मला बोलायचा होता.
तोंड उघडलं. आवाज तयारच होता.
"पाणी नंतर. आधी गाडी रिकामी करा."
रोवेना माझ्याकडे बघत राहिली.
मंगळवारी पॉटरूममध्ये, सेहेचाळीस डिग्रीत,
टेकबहादूरला मी हेच म्हणालो होतो,
शब्दसुद्धा तेच.
बाहेरून कुणी आत आलं नव्हतं.

मी डबा बंद केला. म्हटलं, आज इथेच थांबू.
झुबेर म्हणाला, दैत्याला मारायचं राहिलंय.
राहू दे, म्हटलं.

पावणेबाराला जेसविनचा मेसेज:
माझा तो मेला का?
नाही, मी लिहिलं. नदीकाठी पहाऱ्यावर आहे.
धुकं आहे?
आहे.
त्याच्या थैलीत घोंगडी आहे बघ,
कागद फाडला त्याआधी
सगळ्यात खाली लिहिली होती.