वाफेला वाट

उद्यमबागेत, शनिवारी, पहिली पाळी सुटताना
कॅन्टीनच्या भिंतीवर मी पडदा लावला.
पुण्याहून आलेले पाहुणे पाऊण तास बोलले.
बाण, चौकोन, वर चढत जाणारी रेघ.
शेवटी मी विचारलं, कुणाला काही शंका?
पंखा तेवढा कुरकुरला.
मी वहीत लिहिलं : सर्वांची संमती.

सोमवारी भरमाण्णाची पाटी उतरवली.
तेवीस वर्षं तिच्यावर खडूनं
साच्यांची मोजणी, नावं मराठीत, आकडे कन्नड,
आणि कोपऱ्यात वाळूचा ओलावा, एका शब्दात :
बरी. मस्त. रडकी.
तिथं आता काचेचा फळा.
ओलावा टक्क्यांत, दशांशचिन्हासकट.
'रडकी'ला रकाना नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात सगळे आकडे हिरवे.
मालकांनी कुंदा वाटला,
मी दोनदा घेतला.
ओतलेलं आत लाल असताना साचा फोडू नये,
हे नव्या पोरांना मीच शिकवतो.

मग एक टेम्पो परत आला.
पंपाची दोनशे दहा कवचं, बाहेरून
देवळाच्या पायरीसारखी गुळगुळीत.
लेथवर पहिला पापुद्रा निघाला
आणि आत भोकंच भोकं.

तणतणत कोअर शॉपमध्ये गेलो.
भट्टीमागं, जिथं आम्ही कधी जात नाही,
भिंतभर खडू.
रडकी. रडकी. बरी. रडकी.
आणि त्याच रात्रींना फळ्यावर तीन पूर्णांक चार,
तीन पूर्णांक चार,
कारण मल्लव्वाला कुणीतरी सांगितलं होतं,
हिरवं होईपर्यंत बटण दाब, मग जा घराकडं.
तो कुणीतरी मीच.

दस्तगीर तोवर वेर्ण्याच्या कारखान्यात निघून गेलेला.
जाताना काही बोलला नाही.
किंवा बोललाही असेल, पंख्याखाली.

भरमाण्णानं माझ्या हातात ओली वाळू दिली.
"आवळा. आता उघडा."
तळव्याला चिकटून राहिली.
"ही रडकी. हिच्यात लोखंड ओतलं की वाफ होती.
साच्याला तारेनं टोचून वाट ठेवाय लागती, साहेब.
न्हाईतर वाफ काय मरत न्हाई,
लोखंडात जाऊन बसती.
त्या शनिवारी तुम्ही साचा झकास दाबलासा.
टोचायचं तेवढं इसरलासा."

पाटी आता फळ्याशेजारी टांगली आहे.
चहाआधी दोन्ही मोठ्यानं वाचतो,
जुळलं नाही की मूठ.
परवा फळा खरा निघाला.
भरमाण्णा म्हणाला, "थंडीत हात गारठतोय की,
तुमच्या डब्याला कसली थंडी?"
'रडकी'चा रकाना करून घेतला.
पुण्याला फोनवर तो शब्द समजावण्यात
अर्धा तास गेला, तरी त्यांनी तो चुकीचाच टंकला.
मल्लव्वा म्हणते, असू दे, आम्हाला कळतंय.
दस्तगीरला दोन फोन केले. उचलत नाही.

पुढच्या महिन्यात वीजभट्टी येतेय.
कोळशावरचे चौघे काय करणार, मला अजून माहीत नाही,
आणि हे मी त्यांना तसंच सांगितलं,
कॅन्टीनमध्ये, पालथ्या बादलीवर बसून.
पडदा आणला नव्हता.
विचारण्याआधी उठून पंखा बंद केला.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मी वहीत काही लिहिलं नाही.