उन्हाचं भाडं

शारजा. रोल्याच्या गल्लीत मोबाईलच्या दुकानांवर चौथा मजला.
दोन बेडरूमचे प्लायवूडनं सहा तुकडे केलेत.
आमचा मधला. आठ फूट बाय नऊ.
खिडकी मारिसेलकडे गेली,
म्हणून तिचं भाडं आमच्याहून साडेतीनशे दिरहम जास्त.
शिजू बाल्कनीत राहतो.
म्हणतो, भाभी, मी तर बंगलेवाला.

तहूरा सहा वर्षांची.
प्लायवूडपलीकडची माणसं ती खोकल्यावरून ओळखते.
कोरडा, दोनदाच : रफीकुलचाचा, सिमेंटवरून आले.
ओला, लांबलचक : शिजू.
रात्री अडीचला बारीक शिट्टी वाजते
ती तिच्या स्वतःच्या छातीची.
तेव्हा मी मशीन उशीवर ठेवून चालू करते,
म्हणजे घरघर कमी होते.
पाचला उठणारी माणसं झोपलेली असतात.

कपाटामागं काळं चढतंय.
पुसलं की चार दिवसांनी पुन्हा हजर,
उधारी मागायला आल्यासारखं.
कपडे खोलीतच वाळतात. वाळतात म्हणजे
ओले राहायचं थांबतात.

शाळेत घर काढायला सांगितलं
तर हिनं वरखाली दोन पलंग काढले, पडदा काढला,
पडद्याला फुलं.
टीचर म्हणाली, दार कुठाय?
ही म्हणाली, तेच तर.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई अकोल्याच्या निघाल्या.
रिपोर्ट हातात धरून बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, ड जीवनसत्त्व नऊ. निदान तीस हवं.
बाहेर सेहेचाळीस अंश होतं.
पार्किंगमध्ये चपलेचा तळ डांबराला चिकटत होता,
आणि माझ्या पोरीच्या हाडांना ऊन कमी पडलं होतं.
मंडणगडला अंगणात आमसुलं वाळत घातली
की मी दुपारभर कावळे हाकायची.
ऊन कुणी मोजून घेत असेल
हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

"घरात माणसं किती?"
मी म्हटलं, तीन.
महिन्यापूर्वी नगरपालिकेचा माणूस जिने चढून गेला,
तेव्हापासून आम्ही सगळेच तीन-तीन आहोत.
तहूरा बोटांवर मोजत होती.
"चौदा," ती म्हणाली.
"मारिसेल आंटीची बहीण धरली तर पंधरा.
पण ती दिवसाच झोपते."
डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.
मग त्यांनी तीन लिहिलं
आणि वर पाहिलं नाही.

मी विचारलं, खिडकीची खोली घेतली तर?
नाझिमनं ओव्हरटाइम धरलाय, चार महिन्यांत जमेल.
त्या म्हणाल्या, काचेतून येतं ते ऊन
नुसतं दिसायला. हाडांपर्यंत पोचत नाही.
थेंबांची बाटली दिली, करंगळीएवढी.
घरी येईपर्यंत मी ती मुठीत धरली होती.
नाझिमला ओव्हरटाइमचं काही बोलले नाही.

गच्चीला कुलूप असतं.
वॉचमन खैरुल्लाशी ठरलं :
शुक्रवारी तीन बांगडे, मसाला लावून तळलेले,
त्याबदल्यात रोज सकाळी वीस मिनिटं चावी.
मासे दोनच निघाले तर?
त्यानं हात हलवला. बच्ची का काम है.

वर डिश अँटेना, टाक्या,
कुणाची तरी चाक गेलेली बाबागाडी.
तहूरा टाकीच्या सावलीच्या कडेवर थांबली,
एक पाऊल उन्हात घालून मागं घेतलं,
पाणी गरम आहे का बघतात तसं.
म्हटलं, पळ.
ती पाच पावलं चालली आणि वळली.
खोलीत पाच पावलांवर पलंग येतो.
अगं पळ, इथं काही नाही मध्ये. ओरड.
मोठ्यानं ओरड की जरा, इथं कोण आहे?

ती माझ्याकडे आली,
कानाशी तोंड नेलं,
आणि कुजबुजली :
"खाली चाचा झोपलेत ना?"