चिमटा

प्रभुभोजनाच्या रविवारी पायपेटीचा भाता पुन्हा फाटला.
पाळकसाहेब प्रार्थनेत, सगळी मंडळी डोळे मिटून,
आणि त्या शांततेत पेटीतून निघाला
मांजरीच्या पिल्लासारखा एक बारीक सूर.
ओबेदनं त्याला उत्तर दिलं :
म्याव.

पुढचे दोन बाक हलले.
वाघचौरे काका वळले. चाळीस वर्षं पंच आहेत,
त्यांनी नुसती मान वळवली तरी पुरते.
आणि माझा हात गेला
पदराखालून, बाकाच्या कडेकडेनं,
त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला,
जिथं कातडी अजून तान्ह्या बाळाची आहे.
हाताला शिकवावं लागलं नाही.
माझ्या आईचाही असाच यायचा
चिंचपोकळीच्या देवळात, तिसऱ्या बाकावर,
ओठांवर गायन, नखांत मी.

ओबेद रडला नाही.
पंख्याकडे बघत राहिला.
सात वर्षांच्या पोराला
इतकं चांगलं न रडता येऊ नये.

बुधवारीच भगिनी मंडळात विषय होता मुलांची शिस्त.
रणपिसेबाई म्हणाल्या, छडीचं वचन आहे, मी काढलेलं नाही.
आम्ही आमेन म्हणालो, मग बटाटेवडे आले.
माझ्या घरात छडी नाही
याचा मला तेव्हा, वडा खाताना, थोडा अभिमानही वाटला.
नखांबद्दल शास्त्रात मला कुठं काही सापडलं नव्हतं,
म्हणून नखांचा हिशेब मी ठेवला नव्हता.

आठवड्याचे सहा दिवस मी पालिकेच्या दवाखान्यात रक्त काढते.
नागपाड्याची, डोंगरीची पोरं आयांच्या मांडीवर ताठ होतात,
मी फुंकर घालते, शीर चाचपते,
मुंगी चावेल हं, म्हणते, एवढीशी.
पोरं मला मावशी म्हणतात.
माझ्या पोराला मी
मुंगीसुद्धा सांगितली नाही.

तबक आलं. भाकरीचे चौकोनी तुकडे,
अंगठ्याएवढ्या पेल्यांत द्राक्षरस.
पाळकसाहेब दर महिन्याला सांगतात तेच सांगत होते :
कुणाशी काही असेल तर आधी ते मिटवून या.
दर महिन्याला मी जाऊबाईंना आठवते,
मनातल्या मनात मिटवते, आणि घेते.
आज जाऊबाई आल्याच नाहीत डोळ्यांपुढं.
ज्याच्याशी मिटवायचं तो शेजारीच होता,
पाय जमिनीला न पोचणारा.

मी तबक तसंच पुढं दिलं.
ओबेद कुजबुजला, म्हणजे तीन बाकांना ऐकू जाईल असं :
"आई, तुला का नाही?
तू काय केलंस?"

रात्री खोबरेल लावताना दिसल्या दोन कोरी,
समोरासमोर, जांभळ्या.
मी म्हटलं, चुकलं माझं.
तो म्हणाला, पेटीनं आधी आवाज काढला.
मी म्हटलं, हो.
तो म्हणाला, मग पेटीला चिमटा.
एवढ्यावर आमचं मिटलं का,
मला अजून नक्की सांगता येत नाही.
त्याच्या क्षमेला प्रस्तावना नव्हती, शेवटी आमेन नव्हतं,
त्यानं फक्त विचारलं, उद्या डब्यात काय?

पुढच्या महिन्यात भात्याला
सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं.
ते नेमकं प्रार्थनेत सुटलं.
तोच सूर.
ओबेदनं आधी माझ्या हातांकडे पाहिलं.
ते मी मांडीवर उताणे ठेवले होते,
काही मागायला बसल्यासारखे.
तो गप्प राहिला.
या खेपेला मलाच हसू फुटलं,
आणि वाघचौरे काका वळले.