जिन्नांचा डोंगर

होगारमध्ये, पायथ्याशी,
अमास्तानने आधी उंटाला दटावलं,
मग डोंगराला सलाम केला, अगदी हळू.
'वर त्यांची बाग आहे,' म्हणाला,
'खजूर दिसले तरी तोडायचे नाहीत.'

काळा दगड. हात टेकला की चटका.
दुपारी एक खडा उगाचच घरंगळला
आणि आम्ही दोघंही बोलायचे थांबलो.

माथ्यावर वारा,
आणि सार्डिनचा एक गंजका डबा.

मी हसणारच होतो,
तेवढ्यात त्याने खिशातून खजुराच्या दोन बिया काढल्या,
फटीत खुपसल्या,
माझ्याकडे पाणी मागितलं.
'बापानेही लावल्या होत्या. इथेच कुठेतरी.'

बाटलीत तीन घोट. उतार चार तासांचा.
मी झाकण उघडलं.